गिअरबॉक्सचं तेल बदललं, पण सिद्ध काय झालं?



पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न फिरून फिरून येतो. "तुम्ही जो बदल केलात, त्यामुळेच हा परिणाम झाला, हे कशावरून?" मी माझ्या मुलाखतीत या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर दिलं होतं. कंट्रोल ठेवू, एका वेळी एकच व्हेरिएबल बदलू, वगैरे. उत्तर बरोबर होतं, मार्कही मिळाले. पण त्याचा अर्थ मला कळला तो एका जुन्या मिनीव्हॅनच्या खाली उताणी पडल्यावर. आज तोच किस्सा सांगते. त्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरी कसं बदलतात हेही समजेल, आणि ते बदलताना मी संशोधनातल्या कोणत्या चुका केल्या हेही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये तळ्यांच्या पाण्याच्या रसायनशास्त्रावर काम करते. आठवड्यातून दोनदा चार कूलर, पंप, बाटल्यांचे खोके घेऊन तळ्यांवर जावं लागतं. त्यासाठी आम्ही लॅबमधल्या तिघांनी मिळून एक जुनी मिनीव्हॅन घेतली. १,४०,००० मैल, म्हणजे साधारण सव्वादोन लाख किलोमीटर चाललेली. मागच्या सीट काढल्या की अख्खी लॅब आत मावते. त्या हिवाळ्यात दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना गाडी हिसका द्यायला लागली. गिअरबॉक्स नव्याने बांधून घ्यायचा खर्च आमच्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. गाडी बसली तर उन्हाळ्याचे सँपल गेले, आणि सँपल गेले तर माझं एक वर्ष गेलं. आधीच्या मालकाच्या कागदपत्रांत गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची नोंद नव्हती. म्हणून ठरवलं, आपणच बदलू.

हे तेल नेमकं करतं काय?

इंजिन ऑइल आपल्याला माहीत असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला एटीएफ म्हणतात, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. 'फ्लुइड' हा शब्द मुद्दाम आहे, कारण वंगण हे त्याच्या अनेक कामांपैकी फक्त एक काम.

पहिलं काम, शक्ती पोचवणं. मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचप्लेट असते. ऑटोमॅटिकमध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवले आणि एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो. तसंच इथे वाऱ्याऐवजी तेल असतं. दुसरं काम, दाब. गिअर बदलताना आतले क्लच तेलाच्या दाबाने आवळले जातात आणि सोडले जातात. तिसरं काम, उष्णता वाहून नेणं. आणि चौथं, सगळ्यात नाजूक काम म्हणजे घर्षण सांभाळणं. आतले क्लच तेलात बुडलेले असतात. त्यांनी पकडायचं, पण झटका न देता पकडायचं. यासाठी तेलात फ्रिक्शन मॉडिफायर नावाची रसायनं घातलेली असतात.

आता हे तेल जुनं होतं म्हणजे काय होतं? रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे लगेच पटेल. गरम तेलाचं हवेतल्या ऑक्सिजनशी ऑक्सिडेशन होतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा आपला ढोबळ नियम इथेही लागू पडतो. तेलाची चिकटता तापमानाबरोबर फार बदलू नये म्हणून त्यात लांब साखळ्यांचे पॉलिमर घातलेले असतात. गिअरच्या दातांमध्ये सापडून त्या साखळ्या तुटतात आणि तेल पातळ होतं. फ्रिक्शन मॉडिफायर संपत जातात. क्लचच्या अस्तराची आणि धातूची बारीक पूड तेलात मिसळते. हे सगळं साचलं की गिअर पडताना हिसका किंवा थरथर जाणवू शकते.

इथे 'शकते' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

काकांचं म्हणणं

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला बंदी आहे. म्हणून मी इथल्या ओळखीच्या एका काकांना विचारलं. तीसेक वर्षं अमेरिकेत आहेत, मूळचे नाशिककडचे, घराला गॅरेज आहे. काका म्हणाले, "गॅरेज घे, हत्यारं घे, चहा पण घे. पण माझं ऐक, एवढ्या जुन्या गाडीचं तेल हलवू नकोस. माझ्या मित्राने असंच एक लाख साठ हजार मैलांवर बदललं. दोन महिन्यांत गिअरबॉक्स बसला. जुनं तेलच सगळं धरून ठेवतं."

हे मत इथे पुष्कळ लोकांचं आहे. आणि ते पूर्ण अडाणीपणाचं नाही, त्यामागे एक यंत्रणा सांगितली जाते. झिजलेल्या क्लचची पूड तेलात असते, तिच्यामुळे घर्षण वाढतं, आणि स्वच्छ तेल आलं की झिजलेले क्लच घसरायला लागतात.

मी तेव्हा फक्त मान हलवली. नंतर घरी येऊन कागदावर लिहिलं: 'लोक गिअरबॉक्सचं तेल कधी बदलतात?' उत्तर सोपं आहे. काही शिस्तीचे लोक वेळेवर बदलतात. पण एक लाख साठ हजार मैलांवर, पहिल्यांदाच, अचानक कोण बदलतं? ज्याची गाडी आधीच हिसके देते आहे किंवा घसरते आहे तो. म्हणजे तेल बदललेल्या जुन्या गाड्यांच्या गटात आजारी गाड्या आधीपासूनच जास्त असणार. त्यातल्या काही पुढच्या दोन महिन्यांत बसणारच होत्या, तेल बदललं असतं तरी आणि नसतं तरी.

आयसीयूमध्ये भरती झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण घरी झोपलेल्यांपेक्षा जास्त असतं. म्हणून आयसीयू माणसं मारतं असं आपण म्हणत नाही, कारण तिथे मुळात गंभीर रुग्णच जातात. उपचार ज्या कारणासाठी दिला, तेच कारण परिणामालाही जबाबदार असतं, आणि दोष उपचारावर येतो. वैद्यकीय संशोधनात याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. काकांच्या मित्राची गोष्ट खरी असेल, तारीखही खरी असेल. पण तिच्यावरून तेल दोषी ठरत नाही.

आणि ऐका, ते निर्दोषही ठरत नाही. काकांची यंत्रणा चूक आहे हे मी सिद्ध केलेलं नाही. मी फक्त एवढंच दाखवलं की त्यांचा पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच बसतो. हा फरक मुलाखतीत सांगता आला तर समोरचे प्राध्यापक खुर्चीत सरसावून बसतात, हे अनुभवाने सांगते.

तयारी: आधी वरचा, मग खालचा

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी कधी उघडलेला नाही. तरी फोनवर पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"अगं, तेल भरायचं कुठून?"

"वरून बाबा, डिपस्टिकच्या भोकातून."

"ते उघडून बघितलंस? फनेल बसतंय का बघितलंस?"

"नाही अजून."

"मग खालचा बोल्ट सोडायचा नाही. आधी भरायची वाट मोकळी, मग रिकामं करायचं. नाहीतर गाडी बसंल तिथंच."

बाबांचं हे एक वाक्य मी लॅबमध्ये माझ्या टेबलासमोर लावलंय. जे परत करता येत नाही ते करण्याआधी, पुढची पायरी जमते का ते तपासा. सँपलवर ॲसिड ओतण्याआधी उपकरण चालू आहे ना, हे बघा.

तयारीची बाकी यादी अशी:

योग्य तेल. बरीच एटीएफ लाल दिसतात, पण सारखी नसतात. होंडाच्या मिनीव्हॅनना डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या सिएनाला डब्ल्यूएस, क्रायस्लरच्या मिनीव्हॅनना एटीएफ+४, असे प्रकार असतात, आणि तेही मॉडेलच्या वर्षानुसार बदलतात. कोणतं घालायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका.

सुरक्षितता. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, टेकवून ठेवण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. सपाट, कडक जमीन, चाकांना ठोकळे, हँडब्रेक, आणि गाडी जॅक स्टँडवर. स्टँडवर ठेवल्यावर गाडी हाताने हलवून बघायची, मगच खाली शिरायचं. यात शॉर्टकट नाही. तेल गरम असतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा.

ड्रेन बोल्टसाठी नवा वॉशर. जुना वॉशर आवळताना दबलेला असतो, पुन्हा वापरला तर गळू शकतो.

एकक. इथे तेलाची बाटली एक क्वार्टची मिळते. एक क्वार्ट म्हणजे ०.९४६ लिटर. 'तीन लिटर पाहिजे, तीन बाटल्या ओतल्या' असं केलं की दीडशे-एक मिलिलिटर तेल कमी पडतं. गिअरबॉक्सला एवढा फरक कळतो.

प्रत्यक्ष काम

एप्रिलमधल्या एका शनिवारी काम सुरू केलं. गाडी वीस मिनिटं चालवून आणली, म्हणजे तेल कोमट होऊन नीट वाहतं आणि तळाची घाण तरंगते. डिपस्टिक काढून फनेल बसतंय ना पाहिलं. मग खाली गेले. आमच्या गाडीच्या ड्रेन बोल्टला चौकोनी खाच आहे, तिच्यात रॅचेटचं टोक थेट बसतं. बोल्ट सोडला, आणि गडद तपकिरी तेलाची जाड धार ट्रेमध्ये पडली.

ड्रेन बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट होती. बोटांमध्ये चोळली तर खरखर लागत नाही, अशी. ही सर्वसाधारण झिजेची खूण. धातूचे चकचकीत तुकडे निघाले असते तर गोष्ट वेगळी होती. मग तेल बदलून उपयोग नसतो, कारण तेल झिजलेली क्लचप्लेट भरून काढत नाही. मी पेस्टचा फोटो काढला, तारीख टाकली, चुंबक पुसला.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप: किती तेल निघालं? कारण तेवढंच परत भरायचं. कमी भरलं तर पंप हवा ओढतो. जास्त भरलं तर फिरणारे भाग तेल घुसळतात आणि फेस होतो. दोन्हीत दाब पडतो आणि क्लच घसरतात.

पण मोजायचं कसं? गरम तेल फुगलेलं असतं. एटीएफ दर अंशाला सुमारे ०.०७ ते ०.०८ टक्के प्रसरण पावतं. गिअरबॉक्समध्ये एकूण आठ लिटर तेल धरा. ते २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की ८ × ०.०००७५ × ७० म्हणजे ०.४२ लिटरने वाढतं. म्हणजे गरम तेल मापाच्या भांड्यात मोजलं आणि तेवढंच थंड तेल घातलं, तर प्रत्यक्षात जास्त तेल जातं. उपाय? आकारमान मोजूच नका, वस्तुमान मोजा. वस्तुमान तापमानाने बदलत नाही.

परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात एक वस्तू हमखास असते, बॅगेचं वजन २३ किलोच्या आत ठेवण्यासाठीचा हुकवाला काटा. तो काढला. रिकाम्या बादलीचं वजन घेतलं, तेल ओतून पुन्हा घेतलं. फरक २.६३ किलो. तेलाची घनता लिटरला सुमारे ०.८५ किलो धरली तर ३.१ लिटरच्या आसपास. तेवढ्याच वजनाचं नवं तेल त्याच काट्यावर मोजलं. काट्यात थोडी चूक असली तरी दोन्ही मापांत ती सारखीच येते, म्हणून चालतं.

नवा वॉशर घालून बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. आमच्या मॅन्युअलमध्ये ४९ न्यूटन-मीटर दिलंय. मग वरून हळूहळू तेल भरलं. इंजिन सुरू करून, ब्रेकवर पाय ठेवून, प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबले. गळती नाही. गाडी खाली उतरवली, चालवून पूर्ण गरम केली, सपाट जागी आणून बंद केली. पातळी कधी बघायची याचे नियम गाडीगणिक वेगळे असतात. काहींची इंजिन चालू असताना बघतात. आमची इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायची असते. काही मिनीव्हॅनना डिपस्टिकच नसते, तेल ठरावीक तापमानाला असताना ओव्हरफ्लोच्या बोल्टमधून पातळी ठरवावी लागते.

डिपस्टिक पुसली, घातली, काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली.

पहिला घोटाळा

जेवढं काढलं तेवढंच भरलं होतं. मग कमी कसं? दोन शक्यता. एक, माझं मोजमाप चुकलं. दोन, तेल आधीपासूनच कमी होतं, आणि मी कमी काढून कमीच भरलं. कोणती खरी? सांगता येत नव्हतं. कारण बोल्ट सोडण्याआधी मी डिपस्टिक काढली होती ती फक्त फनेल बसतं का बघायला. गाडी गरम होती, पट्टी हातात होती, आणि तिच्यावरची खूण मी वाचलीच नाही.

प्रिसिजन आणि ॲक्युरसीमधला फरक आपण धनुष्यबाणाच्या चित्रावरून शिकतो. मी दहा ग्रॅमपर्यंत नेमकेपणाने तेल मोजत होते, आणि मूळ पातळी बरोबर होती का हे मला माहीत नव्हतं. तितकंच भरलं म्हणजे बरोबर भरलं, असं होत नाही.

थोडं थोडं करत साधारण ३०० मिलिलिटर तेल आणखी घातलं, तेव्हा पातळी दोन खुणांच्या मध्ये आली.

सोमवारी गाडी घेऊन तळ्यावर गेलो. हिसका जवळजवळ गायब. आम्ही तिघेही खूश. काकांना फोन केला. काका दिलदार माणूस, म्हणाले, "चला, तू बरोबर होतीस, मी चूक."

आणि इथे माझ्या लॅबमधल्या सहकारी मुलीने विचारलं, "आधी किती वेळा हिसका बसायचा?"

मी म्हटलं, "खूपदा."

"खूपदा म्हणजे किती?"

आकडा नव्हता. मी गाडीला शिव्या दिल्या होत्या, पण मोजलं नव्हतं.

तीन बदल, एक परिणाम

त्या रात्री मी वहीत लिहिलं, त्या शनिवारी काय काय बदललं?

एक, तेलाचा दर्जा. काही जुनं तेल जाऊन नवं आलं.
दोन, तेलाची पातळी. आधी कमी असेल, तर ती बरोबर झाली.
तीन, हवा. हिसका सुरू झाला जानेवारीत, उणे पंधरा अंशांमध्ये. तेल बदललं एप्रिलमध्ये. थंडीत तेल घट्ट होतं आणि गिअर कडक पडतात. उन्हाळा लागला की हे आपोआप सुधारतं.

शिवाय चौथी गोष्ट, माझं मन. शनिवारभर गाडीखाली घालवल्यावर सोमवारी हिसका कमी वाटणारच.

परिणाम एक, कारणं चार. काका चूक ठरले नव्हते, आणि मी बरोबर ठरले नव्हते. मी काकांच्या मित्राचीच चूक उलट दिशेने केली होती. त्याने 'नंतर बिघडलं, म्हणजे तेलामुळे बिघडलं' म्हटलं. मी 'नंतर सुधारलं, म्हणजे तेलामुळे सुधारलं' म्हटलं.

हे मला इतकं लागलं याचं कारण वेगळं होतं. त्याच महिन्यात माझ्या पाण्याच्या सँपलमध्ये फॉस्फेटची मापं अचानक स्थिर यायला लागली होती. मी गाईडना अभिमानाने सांगितलं होतं की नव्या फिल्टरमुळे. वहीची मागची पानं उलटली, तर फिल्टर बदलला त्याच आठवड्यात मी बाटल्या धुण्याची पद्धतही बदलली होती. गाडीच्या बाबतीत ते गमतीचं होतं, इथे ते थिसिसचं प्रकरण होतं. दुसऱ्या दिवशी गाईडना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग चारही जोड्या करून बघ." म्हणजे जुना फिल्टर-जुनी धुलाई, जुना-नवी, नवा-जुनी, नवा-नवी. त्यात जवळजवळ महिना गेला. निष्कर्ष असा निघाला की श्रेय बहुतेक सगळं धुलाईचं होतं. चुकीचं वाक्य पेपरमध्ये जाता जाता वाचलं.

दुसरी आणि तिसरी फेरी

गिअरबॉक्सचं तेल एका फेरीत पूर्ण बदलत नाही. ड्रेन बोल्टमधून फक्त तळाचं तेल निघतं. टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी, कूलर आणि त्याच्या नळ्या यांतलं आतच राहतं. हिशोबासाठी एकूण ८ लिटर आणि दर वेळी ३ लिटर निघतं असं धरू.

पहिल्या फेरीनंतर जुनं तेल उरतं ५/८, म्हणजे ६२.५ टक्के.
दुसऱ्या फेरीनंतर ५/८ चा वर्ग, म्हणजे सुमारे ३९ टक्के.
तिसऱ्या फेरीनंतर घन, म्हणजे सुमारे २४ टक्के.
चौथ्या फेरीनंतर सुमारे १५ टक्के.

सीरियल डायल्युशन ज्यांनी केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. जुनं तेल शून्य कधीच होत नाही, आणि प्रत्येक फेरीचा फायदा आधीच्या फेरीपेक्षा कमी असतो. तीन फेऱ्यांवर थांबणं व्यवहाराला धरून आहे. पण या हिशोबात एक गृहीतक लपलंय: दोन फेऱ्यांच्या मध्ये तेल पूर्ण मिसळलं पाहिजे. म्हणजे गाडी सगळ्या गिअरमधून नीट चालवली पाहिजे. एकदा भरून लगेच पुन्हा काढलं, तर आत्ता घातलेलं नवं तेलच परत ट्रेमध्ये येईल. सूत्र वापरण्याआधी त्याचं गृहीतक शोधा. पुस्तकात ते सूत्राच्या वरच्या परिच्छेदात असतं, आणि आपण तो परिच्छेदच गाळतो.

दुसरी फेरी मे महिन्यात केली. या वेळी आधी नियम लिहिले. रोज सकाळी त्याच वेळी, तोच रस्ता, बारा सिग्नल. प्रत्येक सिग्नलनंतर हिसका बसला की खूण. तीन दिवस तेल बदलण्याआधी, तीन दिवस नंतर. बाहेरचं तापमानही लिहायचं. डिपस्टिकची पातळी आधी आणि नंतर. आणि खूण करणारी मी नाही, तर सहकारी मुलगी. तिला मी तेल कोणत्या दिवशी बदलणार हे सांगितलं नाही. यालाच ब्लाइंडिंग म्हणतात, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

निकाल? आधी बारापैकी दोन-तीन, नंतरही बारापैकी दोन-तीन. जूनमध्ये तिसरी फेरी, तोच निकाल. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीने मला जाणवेल असा काही फरक पडला नाही. याचा अर्थ त्या फेऱ्या फुकट गेल्या असा नाही. ऑक्सिडेशन आणि पॉलिमर तुटणं यांचा परिणाम वर्षांनी दिसतो, तीन सकाळींत नाही. माझं मोजमाप तो परिणाम पकडायला पुरेसं नव्हतं, एवढंच. 'फरक नाही' आणि 'फरक दिसला नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

मग डिसेंबर आला. पहिल्या उणे पंधराच्या सकाळी, त्याच रस्त्यावर, बारापैकी सात. पातळी बरोबर, तेल बहुतांशी नवं, तरी हिसका परत आला. दुपारी गाडी गरम झाल्यावर पुन्हा दोन. म्हणजे एप्रिलमधल्या 'चमत्कारा'त हवेचा वाटा होताच, आणि बहुधा मोठा होता. तेलाचा किती आणि पातळीचा किती, हे आता कधीच कळणार नाही. ती संधी एप्रिलमध्ये एक पट्टी न वाचल्यामुळे गेली.

मग काकांचा प्रश्न सुटणार कसा?

काकांच्या प्रश्नाचं उत्तर एका गाडीत नाही. त्यासाठी एकाच मॉडेलच्या, सारख्या चाललेल्या, तेल कधीच न बदललेल्या पुष्कळ गाड्या हव्यात. प्रत्येकीसाठी नाणं उडवायचं. छापा आला तर तेल बदलायचं, काटा आला तर नाही. नाणं का? कारण नाण्याला कोणती गाडी आजारी आहे हे माहीत नसतं. त्यामुळे आजारी गाड्या दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात, आणि मालकाच्या निवडीतून येणारी भेसळ निघून जाते. मग दोन वर्षं वाट बघायची, आणि किती गिअरबॉक्स बसले ते मोजायचं. हिसके देणाऱ्या गाड्या आणि ठणठणीत गाड्या यांचा हिशोब वेगळा मांडायचा. काय पाहिल्यावर आपलं मत बदलू, हे आधीच लिहून ठेवायचं.

हे मी काकांना सांगितलं. ते हसून म्हणाले, "म्हणजे मी अजून हरलो नाही."

"नाही काका. पण जिंकलाही नाहीत."

तुमच्यासाठी काम

जुनं तेल पंधरा दिवसांनी बंद डब्यांतून गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात नेऊन दिलं. इथली बरीच दुकानं वापरलेलं तेल घेतात. गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. निदान तळ्यांवर पीएचडी करणाऱ्या मुलीने तर नाहीच.

आता तुम्ही एक करा. तुमच्या सिनॉप्सिसमधला मुख्य दावा एका वाक्यात लिहा. त्याखाली चार ओळी लिहा. तुमच्या बदलाबरोबर आणखी काय काय बदलतंय? बदलाआधीची मापं कोणती घेणार? ती मापं घेणाऱ्याला निकालाची कल्पना असेल का? आणि कोणता निकाल आला तर तुम्ही तुमचा दावा मागे घ्याल?

चौथी ओळ लिहिता आली नाही तर अजून बोल्टला हात लावू नका. आणि पहिल्या तीन लिहिता आल्या तरी, सुरू करण्याआधी डिपस्टिक वाचायला विसरू नका.